‘वरून आलंय’ म्हणण्याआधी

वाचकाचा प्रश्न : कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत प्रॉडक्शन मॅनेजर असलेल्या वाचकाचं पत्र आलंय. वय चाळिशीच्या आत, हाताखाली चार सुपरवायझर आणि दीडेकशे कामगार, त्यातले बरेच कंत्राटी. फौंड्रीत गाड्यांचे सुटे भाग ओतले जातात, माल पुणे-चाकणला जातो. दोन वर्षांपूर्वी आलेल्या जनरल मॅनेजरनी (पत्रात ते ‘साहेब’ आहेत) गेल्या महिन्यात एक निर्णय घेतला. ओतकाम झाल्यावर साचा फोडण्याआधी कास्टिंग (साच्यात ओतलेला भाग) थंड व्हायला दीड तास दिला जायचा, तो एक तासावर आणायचा, म्हणजे त्याच लाइनवर रोज जास्त साचे निघतील. वाचकाला हे पटलेलं नाही. मीटिंगमध्ये ते म्हणाले, ‘साहेब, अवघड आहे, रिजेक्शन वाढेल,’ म्हणजे बाद होणारा माल वाढेल. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुमच्याकडं कारणं भरपूर असतात.’ तेव्हापासून वाचक गप्प आहेत आणि निर्णय लागू झाला आहे. सुपरवायझर विचारतात तेव्हा ते सांगतात, ‘मलाही पटलेलं नाही, पण वरून आलंय.’ त्यांचे वडील आयुष्यभर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभे राहिलेले. ते म्हणतात, थोरल्या मालकांशी आपली जुनी ओळख आहे, जाऊन भेट, जरा रामशास्त्री बाणा दाखव. बायको म्हणते, घराचा हप्ता चालू आहे, गप्प बसा. वाचक विचारतात, ‘स्वाभिमान सांभाळायचा की नोकरी? निदान माझ्या माणसांशी तरी मी प्रामाणिक आहे, एवढं समाधान मानू का?’

उत्तर :

नमस्कार,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. पत्रात तो जाता जाता आलाय, पण खरी गाठ तिथंच आहे. ‘मलाही पटलेलं नाही, पण वरून आलंय’ असं सुपरवायझरना सांगण्यात तुम्हाला प्रामाणिकपणा दिसतो. मला दिसत नाही.

मी नोकरीची बरीच वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली. हे वाक्य केबिनच्या दाराबाहेर, कँटीनमध्ये, गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर भरपूर ऐकलंय. बोलणाऱ्याला त्यानं हलकं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून बरंच काही कळतं. हा हुकूम अर्धाच खरा आहे, आपल्या सरांचं वर काही चालत नाही, आणि हे फार मनावर घेतलं नाही तरी सर काही म्हणणार नाहीत.

आता रात्रपाळी डोळ्यांसमोर आणा. ओतकाम संपलंय, साचे रांगेत उभे आहेत, तास भरत आलाय. एका पाळीचा सुपरवायझर म्हणतो, साहेबांनी सांगितलंय ना, फोडा. दुसऱ्या पाळीचा म्हणतो, आपल्या सरांनाच पटलेलं नाही, राहू दे अजून वीस मिनिटं. तिसरा काहीच म्हणत नाही, नॉकआउटची (साचे फोडणारी) माणसं मोकळी झाली की फोडून टाकतो. आणि शीटवर तिघंही ‘६०’ लिहितात. समजा, महिनाअखेरीला रिजेक्शन वाढलं. ते कशामुळं वाढलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. साहेब म्हणतील, तुमच्या लोकांनी सांगितलेलं धड पाळलंच नाही. आणि ते खोटं नसेल. साहेबांना पटवायला तुमच्याकडं एकच खरं साधन होतं, ते म्हणजे शॉपवरचे आकडे. तेच तुम्ही हातचे घालवताय.

दुसरी गोष्ट. तुम्ही लिहिलंय, ‘मी विरोध केला, त्यांनी ऐकून घेतला नाही.’ तुमच्याच पत्रातून बघू या, हा विरोध केवढा होता. भरल्या मीटिंगमध्ये एक वाक्य: अवघड आहे, रिजेक्शन वाढेल. किती वाढेल, कुठल्या आयटेमला वाढेल, कशावरून, यातलं काही नाही. मग काय करू या, तेही नाही. जनरल मॅनेजरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ‘अवघड आहे’ हे दिवसातून किती जण सांगत असतील? खरेदीवाला सांगतो, मेंटेनन्सवाला सांगतो, डिस्पॅचवाला तर दर दोन तासांनी सांगतो. त्या गर्दीत तुमचं ‘अवघड’ वेगळं कसं ऐकू यायचं?

आणि जागाही चुकली. मीटिंग म्हणजे खासबागेचं कुस्तीचं मैदान. भोवती माणसं बसली की दोघांपैकी कुणाला तरी पाठ टेकवावीच लागते, आणि साहेब ती तुमच्या, क्वालिटीवाल्यांच्या, स्टोअरवाल्यांच्या देखत टेकवणार नाहीत. तुम्हीही टेकवली नसती. वरिष्ठांशी खरोखर मतभेद असेल तर तो दार लावून, दोघांतच, आणि जमलं तर निर्णय जाहीर व्हायच्या आधी सांगायचा. एकदा दहा जणांसमोर जाहीर झालं की त्यांना मागं यायला अब्रू मोजावी लागते.

‘तुमच्याकडं कारणं भरपूर असतात’ हे त्यांनी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. हाताखालच्या मॅनेजरला चारचौघांत असं बोललं की पुढचे सहा महिने तो खरी बातमी वर नेत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. पण स्वतःला एक विचारून बघा. तेच साहेब जर म्हणाले असते, ‘तुमचा मुद्दा समजला, पण एक महिना करून बघू या,’ तर तुम्हाला हा निर्णय एवढाच वाईट वाटला असता का? पत्राचा निम्मा भाग कास्टिंगबद्दल आहे आणि निम्मा त्या वाक्याबद्दल. दोन्हींवर इलाज वेगळे आहेत. अपमानाचं उट्टं कूलिंग टाइमवर काढायला गेलात तर दोन्हीकडून जाल.

आता साहेबांच्या बाजूनं. त्यांनी ही अर्ध्या तासाची काटछाट का केली, हे तुमच्या अख्ख्या पत्रात नाही. तुम्हाला ते माहीत नाही, असं मी धरून चालते. तुम्ही विचारलं नाहीत आणि त्यांनी सांगितलं नाही. गाड्यांच्या धंद्यात पुरवठादारामुळं गिऱ्हाइकाची असेंब्ली लाइन थांबली तर त्या थांबलेल्या वेळेचा डेबिट येतो, म्हणजे तेवढे पैसे पुरवठादाराच्या बिलातून कापले जातात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. कदाचित त्यांनी वाढीव शेड्यूल कबूल केलंय. कदाचित नव्या लाइनची मागणी मालकांनी नाकारली आहे आणि ‘आहे त्यात काढा’ असं त्यांना सांगितलंय. कदाचित पावसाळ्याआधी पुण्याच्या गोदामात साठा करून ठेवायचाय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, रस्ता बंद झाला, ट्रक जागच्या जागी उभे राहिले. त्या दिवसांत पुण्याच्या गिऱ्हाइकांचे फोन ज्यानं घेतलेत, तो माणूस साठ्याच्या बाबतीत जन्मभर घाबरट होतो. हे सगळे माझे अंदाज आहेत. खरं कारण यातलं एखादं असेल किंवा भलतंच असेल. पण ते कळल्याशिवाय तुमचा विरोध हवेतच राहणार. त्यांची अडचण जास्त मालाची असेल, तर ‘कूलिंग कमी करू नका’ हे त्यांच्या अडचणीवरचं उत्तरच नव्हे.

फौंड्रीतलं मला फारसं कळत नाही, म्हणून एका निवृत्त, मुरलेल्या इंजिनिअरना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. साच्यात कास्टिंग सावकाश थंड होतं. साधारण सातशे अंशांच्या आसपास लोखंडाची आतली रचना ठरते. ती ठरायच्या आधीच साचा फोडला तर कास्टिंग उघड्या हवेत भराभर निवतं, नको इतकं कडक होतं, आत ताण राहतो, कधी वाकडं होतं, कधी तडकतं. गिऱ्हाइकाच्या मशीनवर इन्सर्ट (धातू कापायची पाती) तुटायला लागले की बोंब होते ती बहुधा यामुळं. म्हणजे तुमची भीती रास्त आहे. पण त्याच दमात ते आणखी एक म्हणाले : ‘हे सगळं जाडीवर असतं हो. पातळ ब्रॅकेट तासाभरात खुशाल फोडावं, जाड हबला दीड तासही कधी कमी पडतो. सगळ्या आयटेमना एकच वेळ कुणी ठेवली?’

मला वाटतं, तुमच्या भांडणातला खरा प्रश्न हा आहे. साहेब म्हणतात सगळ्यांना साठ मिनिटं, तुम्ही म्हणता सगळ्यांना नव्वद. दोघंही एकाच आकड्यासाठी हटून बसलाय. पातळ आयटेमला वेळ खरोखरच कमी करता येत असेल, तर साहेब त्या मालापुरते बरोबर आहेत आणि हे तुम्हाला आधी कबूल करावं लागेल. तेही मनापासून, ‘बरं, तसं असेल’ अशा सुरात नव्हे. साहेब अर्धे बरोबर असू शकतात हे सापडलं की बोलणं निम्मं सोपं होतं, कारण मग तुम्ही त्यांचा निर्णय हाणून पाडायला गेलेले नसता, दुरुस्त करायला गेलेले असता.

तेव्हा वेळ मागा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नको, तेव्हा साहेबांना डिस्पॅचशिवाय काही दिसत नाही. नव्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळचा राउंड झाल्यावर, ‘साहेब, कूलिंगच्या विषयावर वीस मिनिटं हवीत, मीटिंगच्या बाहेर’ एवढंच म्हणा. आत गेल्यावर आधी विचारा, मग सांगा. ‘आपल्याला जास्तीचे साचे नेमके कशासाठी हवेत? कुठल्या आयटेमला? कधीपर्यंत?’ उत्तर मिळालं की ते तुमच्या शब्दांत परत बोलून दाखवा. त्यांना कळू दे की तुम्हाला त्यांची अडचण समजलीय. त्यानंतरच तुमचा कागद काढा.

कागद एकच. त्यावर आयटेमची नावं, जाडी, आधीचं रिजेक्शन, आताचं रिजेक्शन, हार्डनेसची (कडकपणाची) रीडिंग. आणि टक्क्यांत नको, रुपयांत मांडा. ‘रिजेक्शन दीड टक्क्यानं वाढलं’ हे ऐकून कुणी खुर्चीतून हलत नाही. एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन फर्नेसला साधारण सहाशे युनिट वीज जाते. कास्टिंग बाद झालं तर लोखंड परत भट्टीत टाकता येतं. पण ती वीज, ती वाळू, ते फेटलिंग (कास्टिंगची घासूनपुसून सफाई) आणि लाइनवरची ती जागा परत येत नाही. साहेबांना हवी होती ती तीच जागा. बाद होणारं कास्टिंग गिऱ्हाइकाच्या दारात सापडलं तर वाहतूक, तिथं माणसं बसवून केलेलं सॉर्टिंग आणि डेबिट नोट हेही त्यात मिळवा. अर्धा तास वाचवून जेवढे जास्त साचे निघाले, त्यातले किती या खर्चात गेले, हा हिशोब तुमच्याआधी कुणी मांडला असेल असं मला वाटत नाही. हिशोब साहेबांच्या बाजूनं निघाला तर? तर तोही तसाच घेऊन जा. मग मतभेद संपला, आणि साहेबांना तुमच्याबद्दल एक गोष्ट कळली की हा माणूस आकडे वाकवत नाही.

मग मागायचं काय? निर्णय मागं घ्या असं मागू नका. ट्रायल मागा. जाड आणि पातळ असे दोन-दोन आयटेम, ठरलेल्या पाळ्या, घड्याळ लावून साठ आणि नव्वद, प्रत्येक हीटची (भट्टीतून एका वेळी निघालेल्या लोखंडाची) हार्डनेस आणि रिजेक्शन वेगळं. आणि सुरू करायच्या आधीच दोघांनी मिळून ठरवा की कुठला आकडा आला तर थांबायचं आणि कुठला आला तर पुढं जायचं. हे आधी ठरलं नाही तर ट्रायल झाल्यावर जो तो आपल्याला हवा तो अर्थ काढतो. तुम्हीही काढाल.

बाहेर आल्यावर चार ओळींची मेल करा : काय बोललो, काय ठरलं, कुठल्या तारखेला पुन्हा बघायचं. फक्त साहेबांना. सीसीमध्ये मालकांना, क्वालिटीला, एचआरला घालून पाठवलेली मेल म्हणजे युद्धाची घोषणाच. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर हा विषय चुकूनही नको. तिथं चार अंगठे येतात आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट शिरोलीपासून कागलपर्यंत जाते.

इथवर जे म्हटलं ते मत वेगळं असण्याबद्दल. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मात्र मताची नाही, आणि तुम्ही तिच्याकडं बघितलेलंच नाही. गाड्यांच्या भागांना गिऱ्हाइकानं मंजूर केलेला कंट्रोल प्लॅन असतो, म्हणजे भाग कसा बनवायचा आणि कसा तपासायचा याचा लेखी आराखडा. त्यात तुमची कूलिंगची वेळ लिहिलेली असेल, तर ती बदलण्याआधी गिऱ्हाइकाला कळवावं लागतं आणि त्याची मंजुरी घ्यावी लागते. तसं झालंय का? झालं नसेल तर साहेबांना सांगायचा पहिला मुद्दा हाच. त्यात ‘मला वाटतं’ला जागा नाही आणि त्यांच्या शहाणपणावर बोटही नाही. ‘साहेब, ऑडिटमध्ये हे निघालं तर उत्तर आपल्या दोघांना द्यावं लागेल, कस्टमरला कळवून घेऊ या.’ बरेचसे वरिष्ठ इथं थांबतात, कारण त्यांनाही हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं असतं.

आणि समजा ते म्हणाले, ‘कळवायचं नाही, करायचं साठ, शीटवर नव्वद लिहा.’ तर तिथं थांबायचं. कूलिंग साठ करायचं की नव्वद, यात शेवटचा शब्द त्यांचा. खोटी नोंद करायची की नाही, यात नाही. त्या शीटवर सही तुमच्या सुपरवायझरची असते, आणि प्रकरण अंगाशी आलं की सर्वांत आधी त्याचीच मान सापडते. कंत्राटी कामगार तर विचारायलाच नको. ‘साहेब, तुम्ही म्हणाल ती वेळ पाळतो, पण केलेली वेळच लिहू द्या’ असं आवाज न चढवता, पण स्पष्ट सांगा.

जिवाच्या धोक्याचंही तसंच. तापलेलं कास्टिंग हाताळणाऱ्या माणसांना पुरेसे हातमोजे आहेत का, घाईत लॅडल (वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं) नीट न तापवता, ओलसर असतानाच वापरलं जातंय का, हे तुम्ही रोज बघता. वितळलेल्या लोखंडाला पाणी लागलं की कसा स्फोट होतो ते फौंड्रीवाल्याला सांगायला नको. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि ४१ एच हे कलम आलं. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका वाटला तर तो थेट व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या नजरेला आणून द्यायचा हक्क कामगारांना त्यात दिला गेला. साध्या कामगाराला जे बोलायचा हक्क मिळाला, ते बोलताना मॅनेजरनं हप्त्याचा विचार करावा, हे मला समजतं. तरी बोलावं लागतं.

आता थोरले मालक. वडिलांचा सल्ला मायेचा आहे आणि त्यांच्या काळात तो बरोबरही होता. उद्यमनगरच्या शेडमध्ये मालक स्वतः लेथशेजारी उभा असायचा, त्याला सांगणं म्हणजे वरच्याला सांगणंच होतं. आज तुमच्या आणि मालकांच्या मध्ये मालकांनीच एक माणूस नेमलाय. त्याला ओलांडून तुम्ही जुन्या ओळखीनं गेलात तर मालकांना पहिला प्रश्न पडेल तो हा : हा जनरल मॅनेजरला बोललाय का? तुमचं खरं उत्तर ‘एक वाक्य, मीटिंगमध्ये’ हे आहे.

शिवाय आपल्याकडच्या घरच्या धंद्यांचं एक असतं. थोरले मालक एका बाजूला, परदेशात शिकून आलेला मुलगा दुसऱ्या बाजूला, पुतण्या तिसरीकडं, आणि नवा जनरल मॅनेजर त्यातल्या कुणीतरी आणलेला. तुम्ही कूलिंग टाइम घेऊन जाता आणि बाहेर येता तेव्हा घरातल्या भांडणातलं एक प्यादं झालेले असता. अशी हुशार माणसं मी बघितलीत. मुद्दा त्यांचा खरा होता, पण वर्षभरानं तो मुद्दा कुणाच्या लक्षातही नव्हता. ‘हा कुणाचा माणूस’ एवढंच उरलं होतं.

वर जायचंच झालं तर ते खोट्या नोंदीसाठी किंवा जिवाच्या धोक्यासाठी, आणि साहेबांना सांगून. ‘साहेब, हे मला मालकांच्या कानावर घालावं लागेल. तुम्ही बरोबर आलात तर बरं, तुमचीही बाजू त्यांना कळेल.’ हे म्हणायला छाती लागते, मान्य आहे. पण मागून गेल्याचं कळतंच, आपलं गाव केवढं आहे ते तुम्हाला माहीत आहे.

रामशास्त्रींचं म्हणाल तर त्यांच्यासमोर नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा मामला होता, १७७३ चा. सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. पुढं कारभाऱ्यांनी त्यांना परत बोलावलं आणि त्यांनी न्यायाधीशपद पुन्हा सांभाळलं, हा भाग आपण सांगायचा विसरतो. तुमच्यासमोरचा मामला आज तरी तेवढा नाही. रोजच्या कामातल्या प्रत्येक मतभेदाला तो बाणा लावला तर माणूस एक तर सतत राजीनामा खिशात घेऊन फिरतो, नाहीतर सतत स्वतःची लाज वाटून घेतो. तुम्ही सध्या दुसरं करताय. स्वाभिमान की नोकरी, हा प्रश्न आत्ता तुमच्यापुढं आलेलाच नाही. त्याआधीच्या बऱ्याच गोष्टी अजून करायच्या राहिल्यात.

त्यातली पहिली सुपरवायझरांची. साहेबांकडं जायच्याही आधी. चौघांना एकत्र बसवा आणि सांगा : ‘साठ मिनिटांचा निर्णय आपल्या फौंड्रीचा आहे. माझे काही प्रश्न आहेत, ते मी साहेबांशी बोलणार आहे, ते काम माझं. तोवर ठरलेली वेळ तंतोतंत पाळायची, घड्याळ बघून. जेवढी केली तेवढीच लिहायची. कुठं तडा दिसला, कडक लागलं, तर आयटेम आणि हीट नंबरसह मला त्याच दिवशी सांगायचं.’ यात तुम्ही खोटं बोललेला नाहीत, मला फार आवडलंय असंही म्हटलेलं नाही. पण साहेबांना शिव्या घालायला अंगणही मोकळं सोडलेलं नाही. कुणी खोदून विचारलंच, ‘सर, तुम्हाला पटलंय का?’ तर ‘मला काही शंका आहेत आणि त्या मी योग्य ठिकाणी मांडणार आहे’ एवढ्यावर थांबा.

जाता जाता, त्या चौघांपैकी कुणी अलीकडं तुम्हाला ‘सर, तुमचं चुकतंय’ असं म्हटलंय का? आठवून बघा. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या साध्या कामगारालाही गडबड दिसली तर दोरी ओढून बोलावणं करता येतं, वेळ पडली तर लाइन थांबते. आपल्याकडं दोरी नसते, सरांच्या कपाळावरची आठी असते. तुमच्या केबिनमधून कुणीच कधी विरोध करून बाहेर पडत नसेल, तर साहेबांवरचा तुमचा राग थोडा कमी व्हायला हरकत नाही.

तुमच्यासारखी पत्रं फक्त कारखान्यांतून येत नाहीत. पतसंस्थेच्या शाखाधिकाऱ्याला संचालकांचा फोन येतो, ‘आपला माणूस आहे, कर्ज बसवून टाका.’ हॉस्पिटलच्या इन्चार्ज सिस्टरला रात्रपाळीत एक नर्स कमी करायला सांगतात. शाळेच्या मुख्याध्यापकांना संस्थेचे सचिव न पटणारं वेळापत्रक देतात. काम वेगळं, पण आधी बघायचं ते एकच : हा पसंतीचा प्रश्न आहे, नफ्यातोट्याचा आहे, की खोटेपणाचा आणि जिवाचा? वेळापत्रक बहुतेकदा पहिल्या प्रकारात बसतं, तिथं एकदा नीट सांगून सोडून द्यावं. नर्सचा प्रश्न कागदावर खर्चाचा दिसतो, पण वॉर्डात किती रुग्ण कसे आहेत त्यावरून तो जिवाचा ठरतो, तेव्हा आकडे रुग्णांचे मांडा. आणि संचालकांच्या फोनवर शाखाधिकाऱ्यानं गोड आवाजात म्हणावं, ‘दादा, प्रस्ताव शिफारशीसह लेखी पाठवा, कमिटीपुढं ठेवतो.’ बरीच कर्जं त्या ‘लेखी’ शब्दापाशीच थांबतात. फोनवरचं बोलणं त्याच दिवशी फाइलला टिपण म्हणून लावून ठेवणं हेही शहाणपणाचं.

तुम्ही सगळं केलंत आणि साहेब तरी म्हणाले, ‘ऐकलं तुमचं, पण साठच,’ तर? कंट्रोल प्लॅनची बाजू नीट असेल, नोंदी खऱ्या असतील, माणसं सुरक्षित असतील, तर साठ करा. मनापासून करा. पुन्हा बघायची तारीख मागून घ्या आणि तोवर रोज तोच विषय काढू नका. निर्णय घेण्याचा अधिकार त्यांचा आहे, चुकला तर जबाबदारीही त्यांची. वर्षभरात अशीच वेळ वारंवार आली, प्रत्येक वेळी तुम्ही नीट मांडलंत आणि प्रत्येक वेळी भिंतीशी बोलल्यासारखं झालं, तर दुसरीकडं बघा. शांतपणे, हातात नवं पत्र पडल्यावर, नोटीस पिरियड भरून. गोकुळ शिरगावात सोडलं तरी कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत हीच माणसं कुठंतरी पुन्हा भेटणार आहेत.

बायकोलाही हे सगळं सांगा. ‘गप्प बसा’ म्हणताना तिला बहुधा मीटिंगमधलं भांडण दिसत असावं. केबिनमध्ये एक कागद घेऊन वीस मिनिटं बोलायचंय, म्हटलं तर तिची हरकत असेल असं वाटत नाही.

आणि त्या वीस मिनिटांसाठी जाण्याआधी हार्डनेस टेस्टरच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटलेली नाही ना, तेवढं बघून घ्या. साहेब पहिलं तेच विचारतील.